जावयाच्या फटफटीचे आटे

चौऱ्याहत्तर साली भाद्रपद अधिक आला आणि कामतघरच्या केसरीनाथाच्या घरी जावयाला धोंड्यांचं जेवण घालायचा पहिला योग आला. त्याच्या मुलीचं, चंपाचं, लग्न मागच्या अधिक महिन्यानंतर झालेलं. जावई पंढरी काल्हेरचा. तिकडे रस्त्याच्या कडेला कापडाची काही गोडाऊनं उभी राहिली होती, त्यातल्या एकावर तो सुपरवायझर होता. केसरीनाथाच्या बायकोने, ठकुबाईने, जेवणाला शुक्रवार धरला. शुक्रवारी भिवंडीचे लूम बंद, बाजार बंद, आणि नवरा दिवसाउजेडी घरात सापडण्याचा आठवड्यातला तोच एक दिवस.

केसरीनाथ जॉबर होता. लूम चालवतो विणकर. लूम अडला, शटल उडालं, पट्टा सुटला की हाक पडते जॉबरला. नारपोलीतल्या एका शेठच्या कारखान्यात तो दिवसभर या लूमखालून त्या लूमखाली सरपटत असे. पडघ्याच्या पलीकडे त्याचं गाव. भाताची जमीन होती, पण भाऊ चौघे होते आणि हा सर्वांत धाकटा. मिसरूड फुटायच्या वयात भिवंडीला आला, विणकर झाला, मग एका म्हाताऱ्या मोमीन उस्तादाच्या हाताखाली जॉबरकी शिकला. उस्ताद सांगायचे, "लूम को देखो मत, सुनो." त्याप्रमाणे तो ऐकायला शिकला. कारखान्याच्या दारातून आत पाऊल टाकताच इतक्या खडखडाटात कुठला लूम लंगडतोय, हे त्याला कळायचं. विणकर म्हणायचे, केसरीचाचाच्या कानात मशीन बसवलंय.

त्याच खडखडाटाने ते कान नेले. एका दिवसात नव्हे, हळूहळू. आधी चिमण्यांचा आवाज गेला, मग भांड्यांचा, मग बायकोने मागून मारलेली हाक. लूमवरच्या माणसांना तसंही तोंडाने बोलून भागत नाही. तिथे हाताच्या खुणा चालतात आणि ओठ वाचता येतात. घरीही हळूहळू तीच रीत पडली. ठकुबाई चुलीपासून हाताने विचारी, हा हाताने उत्तर देई. चंपा त्या खुणांतच वाढली. त्यामुळे घरात कुणाचं काही अडलं नाही आणि बाहेर कुणाला फारसं कळलं नाही. लोक एवढंच म्हणत, जॉबर हाय, मोठ्याने बोलतो.

कारखान्यात मात्र आता पंचाईत होऊ लागली होती. कानांचं काम केसरीनाथ तळहातांनी करायचा. बिघडलेल्या लूमच्या चौकटीवर पंजा ठेवून डोळे मिटून उभा राहायचा आणि हाडांत शिरणाऱ्या हादऱ्यावरून दुखणं ओळखायचा. शेठला वाटे, हा म्हाताऱ्याचा काहीतरी उस्तादी रिवाज असेल. पण हादरा सगळं सांगत नाही. गेल्या वर्षभरात त्याचे दोन अंदाज चुकले होते, आणि एका विणकराने तोंडावर म्हटलंही होतं, "चाचा, अब आराम करो." कंबर तर केव्हाची गेली होती. रात्री कुशीवर वळतानाही तिला आधी विचारावं लागे. आपल्याला काढून टाकायच्या आत आपण निघावं, एवढी एकच गोष्ट आताशा त्याच्या मनात होती.

नागपंचमीला चंपा माहेरी आली तेव्हा बोलता बोलता आईला म्हणाली होती, की त्यांच्या गोडाऊनचा राखणदार गावाला गेला तो परत यायचा नाही म्हणतोय, जागा रिकामी आहे. ठकुबाईने ते नवऱ्याला खुणेने सांगितलं. तेव्हापासून केसरीनाथ त्या जागेचंच चिंतन करीत होता. खुर्ची, छत्री, कंदील आणि वाकायचं नाही. पण मागायचं कुणाकडे, तर जावयाकडे. आणि तेही कधी? ज्या दिवशी जावयाला फक्त द्यायचं असतं, त्या दिवशी. धोंड्याला बोलावून आपणच हात पसरला तर चंपाला सासरी काय ऐकावं लागेल, हे ठकुबाईने त्याला बजावून ठेवलं होतं. पण पंढरी दुसऱ्या कुठल्या दिवशी इकडे फिरकतही नसे.

"जेवण झाल्यावर बोलतो," केसरीनाथाने खूण केली होती.

"हळू बोला," ठकुबाईने खूण केली होती, ओठांवर बोट ठेवून.

पंढरी आला तो आपल्या फटफटीवर, मागे चंपाला बसवून. ठाण्यातल्या कुणाकडून जुनी विकत घेतलेली गाडी, पण तिच्यावर त्याचा फार जीव. ओटीवर पाय ठेवायच्या आधी त्याने फडक्याने टाकी पुसली. ठकुबाईने त्याचे पाय धुतले, ओवाळलं, तांब्याच्या ताटलीत अनारसे आणि त्यावर दिवा ठेवून हातात दिला, पँटपीस दिला. मग पाटावर बसवून त्याला पुरणाचे धोंडे वाढले, वर तूप, आणि तो नको म्हणाला की आणखी एक.

"मामी, पुरे. गाडीला माझं वजन ओढायचंय," पंढरी म्हणाला.

"गाडी काय म्हणंल? सासुरवाडीला आली ती बी," ठकुबाई म्हणाली आणि अजून एक वाढला.

जेवणानंतर बोलायचं म्हणून केसरीनाथ सुपारी कातरत बसला, पण पंढरीने हात पुसले, भिंतीकडे तोंड केलं आणि तो घोरायला लागला. संध्याकाळी गोडाऊनवर ट्रक लागणार होते, तोवर डोळा लागू दे म्हणाला होता. सुपारी कातरून झाली. केसरीनाथ ओटीवर आला. समोर फटफटी उभी होती.

रिकाम्या हातांनी बसणं त्याला जमत नसे. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं. गिअरबॉक्सच्या बुडाला तेल काढायचा जो बोल्ट असतो, त्याचं डोकं कुणा अडाणी मेकॅनिकने छिन्नीने ठोकून ठोकून गोल केलं होतं. तेलही डांबरासारखं काळं. घरात नव्या तेलाचा डबा होता. त्याच्या मनात आलं, तेल बदलून देऊ. उठल्यावर जावई बघेल, खूश होईल, आणि बोलायला तोंड फुटेल. नुसतं मागण्यापेक्षा काहीतरी करून मग मागितलेलं बरं.

मोठ्या कष्टाने तो झिजका बोल्ट निघाला. जुनं तेल थाळीत उतरलं. तो भिकार बोल्ट परत लावायला त्याचा हात धजेना. घरच्या पेटीत लूमचे नवे बोल्ट होते, चकचकीत, सहा पैलूंचे. त्यातला अडीच सुती त्याने भोकाशी लावून पाहिला. जाडी तीच दिसत होती. भिवंडीतले सगळे लूम जुन्या विलायती बनावटीचे, त्यांचे बोल्ट सुताच्या, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाच्या, मापाचे. केसरीनाथाच्या बोटांना उभ्या जन्मात दुसरं माप माहीत नव्हतं. फटफटीचं माप मिलिमीटरचं असतं आणि तिचे आटे जरा बारीक असतात, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. बोल्ट बोटांनी दोन वेढे सरळ आत गेला, मग जड लागला. लूमचा बोल्टही जड लागतोच. पाना लावून जोर दिला की बसतो. त्याने पाना लावला आणि जोर दिला.

कर्र असा आवाज झाला. तो ठकुबाईने आत चुलीपाशी ऐकला. चंपाने मोरीत ऐकला. केसरीनाथाला मात्र तो ऐकू आला नाही. लूम बिडाचा, फटफटीचं पोट ॲल्युमिनियमचं, घरातल्या जर्मनच्या पातेल्यासारखं मऊ. त्याने आणखी एक ओढ दिली, आणि हातातला जोर एकाएकी हरवला. पाना गरागरा मोकळा फिरला. बोल्ट बाहेर काढला तर त्याच्याबरोबर चांदीच्या तारेसारखी कुरळी गुंडाळी आली. भोकाचे आटे तेवढे सगळे त्या गुंडाळीत आले होते.

तो खाली बसला. जुना बोल्ट लावून पाहिला, तो आपोआप गळून पडला.

ठकुबाई हात पुसत बाहेर आली. गाडी, थाळी, नवऱ्याचं तोंड, सगळं तिने एका नजरेत पाहिलं.

"काय केला?" तिने खुणेने विचारलं.

त्याने भोक दाखवलं आणि दोन बोटं एकमेकांवर घसरवली. लूमवर ही खूण आटे गेल्याची.

"जावयाला धोंडे घातले, आन् गाडीला धोंडा!" ती आता खुणा विसरून तोंडानेच बोलली, पण दबक्या आवाजात. "एवढा आवाज झाला, मी आतून ऐकला. तुमाला आला न्हाय?"

त्याने तिच्या ओठांवरून वाचलं आणि तेलाची थाळी बाजूला सरकवली. मग तिने पदराने त्याच्या हनुवटीवरचं तेल पुसलं.

चंपा आली. तिने आत डोकावून नवरा झोपल्याची खात्री केली. "बाबा, आता वो?" तिने हात उडवले. "ट्रक लागायच्या आत त्यांना पोचायला पाहिजे. गाडी ढकलत न्यायची काय काल्हेरपर्यंत?"

साबण आणि लाकडाची खुंटी ठोकून बघू, असं केसरीनाथाच्या मनात आलं. खुंटी ठोकलीही. पण इंजिन तापलं की साबण वितळणार आणि रस्त्यातच सगळं तेल सांडणार, हे त्याला कळत होतं. त्याने खुंटी काढून फेकली. नवा बोल्ट आणावा तर बाजार बंद. कल्याण नाक्यावरचे मेकॅनिक जुम्म्याला गेलेले, त्यानंतर ते काही आज दुकान उघडायचे नाहीत. राहिला एकच रस्ता. गेलेले आटे परत येत नाहीत, पण भोक जरा मोठं करून त्यात जाड बोल्टाचे नवे आटे पाडता येतात. तीन सुतीचे. ते पाडायचं हत्यार, तीन सुतीचा टॅप, कारखान्यातल्या त्याच्या पेटीत होता, आणि कारखान्याची चावी जॉबरकडे असते.

"मी आलो," तो म्हणाला. तो हळूच म्हणाला असं त्याला वाटलं, पण शेजारच्या खोलीतली कोंबडी दचकून उडाली. ठकुबाईने कपाळाला हात लावला. आत पंढरीने कूस बदलली आणि पुन्हा घोरू लागला.

नारपोलीचा रस्ता शुक्रवारी ओळखू येत नाही. एरवी दोन्ही बाजूंच्या भिंती थरथरत असतात, आज त्या नुसत्या भिंती होत्या. केसरीनाथ चिखल चुकवत चालला. पोट भरलेलं, कंबर भरून आलेली. प्रत्येक पावलाला आता बसावंसं वाटत होतं. कारखान्याच्या फाटकाशी परप्रांतीय राखणदार खाटेवर आडवा होता, त्याने मान हलवून आत सोडलं.

आत लूम ओळीने उभे होते, अर्धवट विणलेलं कापड पोटाशी धरून. त्याने पेटी उघडली. टॅप सापडला, एका बाजूचा दात जरा उडालेला, पण कामाचा. टॅपचं हँडल सापडलं, तीन सुती बोल्ट सापडला. वॉशरसाठी शटलला धक्का देणाऱ्या पिकरच्या जुन्या चामड्याचा तुकडा घेतला. म्हशीचं जाड चामडं, तेलाला दाद न देणारं. हे सगळं घेऊन त्याने लगेच निघायला हवं होतं, पण तो एका लूमच्या कठड्यावर टेकला. एकदा टेकल्यावर उठवेना.

इथे कुणी नव्हतं. आपला आवाज किती चढतो ते आपल्याला कळत नाही, हे त्याला माहीत होतं. म्हटलं, इथे एकदा बोलून पाहावं. त्याने घसा साफ केला आणि अगदी हळू, कानात सांगावं तसं म्हणाला, "जावईबापू, माझ्यानं आता लूमवर होत न्हाय. ती राखणदाराची जागा मला बघा."

दारात सावली पडली. राखणदार काठी घेऊन आत आला होता. "क्या हुआ, चाचा? किससे लड़ रहे हो?"

केसरीनाथाने त्याच्या ओठांकडे पाहिलं. "किसी से नहीं."

"मैं तो समझा चोर पकड़ लिया आपने. बाहर सड़क तक आवाज़ आई." राखणदार हसला. "और वो पीछे वाली खिड़की खट-खट कर रही है कब से, बंद कर दूँ क्या?"

"कर दो," केसरीनाथ म्हणाला. खिडकी वाजत होती हे त्याला माहीत नव्हतं.

घरी परतला तेव्हा पंढरी झोपलेलाच होता. चंपाने बॅटरी काढून ठेवली होती, पेट्रोल डब्यात काढून घेतलं होतं. बापाच्या हाताखालीच वाढलेली मुलगी, तिला काही सांगावं लागत नसे. दोघांनी मिळून फटफटी गोणपाटावर आडवी निजवली. जनावराला औषध पाजायला पाडावं तशी ती पोट दाखवून पडली.

केसरीनाथाने भोकात बोट घालून पाहिलं. आटे निघून गेल्यावर भोक आपोआपच तीन सुती टॅपच्या जोगं झालं होतं, ड्रिल लावायची गरज नव्हती. टॅप सरळ उभा धरणं महत्त्वाचं. तो वाकडा गेला की आटे वाकडे, मग बोल्ट वाकडा, आणि मग भोक दुसऱ्यांदा सुधारत नाही. चंपा समोरून बघत राहिली, टॅप कुठे झुकला की हाताने दाखवत राहिली. त्याने हँडलला पहिला अर्धा वेढा दिला. बिडात आटे कोरडेच पाडतात, त्याच सवयीने तो निघाला होता, पण दुसऱ्याच वेढ्याला टॅप चावला, चिकटल्यासारखा. या वेळी त्याने जोर दिला नाही. तो थांबला. पंजा गाडीच्या पोटावर ठेवला, डोळे मिटले, दुसऱ्या हाताने टॅप किंचित हलवला. धातू ओरडतोय की नाही हे त्याला तळहाताने ऐकायचं होतं.

"रॉकेल," तो म्हणाला.

ठकुबाईने स्टोव्हचं रॉकेल वाटीत आणून दिलं. टॅपच्या खाचांत त्याने ग्रीस भरलं, म्हणजे कीस आत पडायचा नाही, आणि वरून रॉकेलचे थेंब सोडत अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे, असं सुरू केलं. मागे घेतला की कीस तुटतो, टॅप मोकळा होतो. काम सोपं, पण ते करताना गुडघ्यावर बसून ओणवं राहावं लागतं, आणि ओणवं राहणं त्याला आता सोसत नव्हतं. घाम नाकावरून टॅपवर पडत होता. मध्येच त्याने हँडल सोडलं, कपाळ फटफटीच्या सीटला टेकवलं आणि तसाच राहिला.

"मी फिरवू?" चंपाने खूण केली.

त्याने मान हलवली. नको.

"हे काय चाललंय?" पंढरी दारात उभा होता, डोळे चोळत. जमिनीवर आडवी पडलेली गाडी पाहून त्याची झोप साफ उडाली. "अरे! गाडी कुणी पाडली?"

"पाडली न्हाय, निजवली," ठकुबाई म्हणाली. "तुमी निजलाव, तिलाबी निजवली."

पंढरी खाली बसला. त्याला सगळं चंपाने सांगितलं, भरभर, बापाची बाजू घेऊन. तेल बदलायला गेले, बोल्ट खराब होता, आटे गेले. पंढरीचं तोंड पडलं. त्याने घड्याळ पाहिलं, टाकीवरून हात फिरवला, मग सासऱ्याच्या थकलेल्या तोंडाकडे पाहून एक सुस्कारा टाकला.

"मामा, धोंडे खायला बोलावलंत आणि गाडीचं पोट फाडलंत?" तो मोठ्याने म्हणाला, आणि स्वतःच हसला. "आता शिवून द्या लवकर. माझे ट्रक उभे राहतील."

केसरीनाथ हसला नाही. त्याने पुन्हा हँडल धरलं. अर्धा पुढे, पाव मागे. शेवटी टॅप आरपार मोकळा झाला. तो उलटा फिरवून बाहेर काढला, फडकं गुंडाळलेल्या काडीने भोक पुसलं, मग वाटीभर रॉकेल आत ओतून गाडी उभी केली आणि ते खाली वाहू दिलं; राहिलेला कीसही त्याबरोबर उतरला. चामड्याचा वॉशर कापला, बोल्टावर चढवला, बोटांनी बोल्ट फिरवला. तो मऊपणे, एका चालीने आत गेला. शेवटचा आवळ देताना त्याने डावा पंजा पुन्हा गाडीच्या पोटावर ठेवला होता आणि जिथे थांबायचं तिथे तो थांबला.

तेल भरलं. पेट्रोल घातलं, बॅटरी बसवली. पंढरीने किक मारली. गाडी सुरू झाली. त्याने घरांच्या ओळीच्या टोकापर्यंत चक्कर मारून आणली, उतरून खाली वाकला, बोल्टाच्या आजूबाजूला बोट फिरवलं. बोट कोरडं होतं.

"मानलं, मामा!" तो उठून म्हणाला. केसरीनाथ त्याच्या ओठांकडे पाहत होता. "काय हात आहेत! हे मेकॅनिक लोक नुसते ठोकतात. असा माणूस शेठ सोडतो होय? अजून वीस वर्षं तुम्हाला लूमवरून कोणी हलवत नाही बघा."

ते कौतुक होतं, मनापासूनचं होतं. केसरीनाथाला त्याचा अर्थ मात्र एवढाच कळला, की आता दार लागत चाललं आहे. यापुढे पंढरी गाडीवर बसेल आणि निघून जाईल. ठकुबाई मागून डोळ्यांनी नको नको म्हणत होती. तो एक पाऊल पुढे झाला.

"जावईबापू, माझ्यानं आता लूमवर होत न्हाय," तो म्हणाला. "ती राखणदाराची जागा मला बघा."

त्याला वाटलं, आपण हळू बोललो. पण शेजारच्या दोन दारांत बायका उभ्या राहिल्या. पलीकडे कुणी पत्ते पिसत होतं, त्याचा हात थांबला. ठकुबाईने मान खाली घातली.

पंढरीने गाडी बंद केली. तो गोंधळला होता. सासऱ्याने असं मागावं, तेही आज, सगळ्यांसमोर, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. शिवाय नाही म्हणायचं तर तेही ओरडूनच म्हणावं लागणार. त्याने तोंड जरा चंपाकडे वळवलं आणि अगदी हळू, ओठांतल्या ओठांत बोलला.

"कसं सांगू गं यांना? इतर काही नाही. पण गोडाऊनवर रात्री कान लागतात. कुलपाला कुणी हात लावला तर ऐकू यायला पाहिजे. ट्रकचा हॉर्न तरी येईल का यांना?"

चंपाने एकदम पदर नवऱ्याच्या तोंडापुढे धरला, माशी हाकलल्यासारखा. लूमवर कधी न गेलेल्या काल्हेरच्या माणसाला ते कळण्यासारखं नव्हतं. त्याने बाजूला होऊन तिच्याकडे आश्चर्याने पाहिलं. तिने बापाकडे पाहिलं. केसरीनाथ पंढरीच्या ओठांवरची नजर काढून जमिनीवरच्या रॉकेलच्या वाटीकडे बघत होता.

"बघतो, मामा!" पंढरी आता मोठ्याने, हसऱ्या तोंडाने म्हणाला. "दिवाळीनंतर बघतो! शेठशी बोलतो मी!"

दारातल्या बायकांनी माना हलवल्या. चांगला जावई मिळाला, असं त्या एकमेकींना म्हणाल्या असाव्यात.

"बघा," केसरीनाथ म्हणाला. "सवडीनं बघा. घाई न्हाय."

चंपा अनारशांची पिशवी मांडीवर घेऊन मागे बसली. तिने बापाकडे पाहून हाताने काहीतरी म्हणायला सुरुवात केली आणि अर्ध्यावरच हात खाली घेतला.

"या बोल्टाला आता तुमचा पाना लागायचा न्हाय," केसरीनाथ पंढरीला म्हणाला. "तीन सुतीचा लागंल. दुसऱ्या कोणाला ठोकू देऊ नका." पेटीतला आपला पाना त्याने पुसला, पंढरीपुढे धरला. पंढरीने हात पुढे केला. तेवढ्यात केसरीनाथाला काय वाटलं कोण जाणे, त्याने पाना मागे घेतला.

"न्हाय, हा मला लागंल उद्या," तो म्हणाला. "बाजारात मिळंल तुमाला."

"मिळेल, मामा. मी घेईन," पंढरी म्हणाला.

फटफटी गेली. ओळीतली दारं लागली. ठकुबाई चुलीतली राख घेऊन आली आणि ओटीपुढे सांडलेल्या तेलावर टाकून केरसुणीने ओढू लागली. ओढता ओढता तिने मान वर करून विचारलं, हाताने नव्हे, नुसत्या डोळ्यांनी.

"दिवाळीनंतर म्हणाला," केसरीनाथ म्हणाला.

"ते ऐकला मी. त्येच्या आधी काय म्हणाला?"

त्याने पाना पेटीत ठेवला, झाकण लावलं. टॅप मात्र बाहेर ठेवला, सकाळी कारखान्यात न्यायला लगेच हाताला लागावा म्हणून. मग भिंतीचा आधार घेत हळूहळू ओटीवर बसला.

"काय न्हाय," तो म्हणाला. "ट्रकचा सांगत व्हता. थोडा पाणी दे."

ठकुबाईने केरसुणी ठेवली आणि पाणी आणायला आत गेली.